ग्रोथ हॅकर दातांवरून निवडावा काय?

अण्णांना संताप यायला एरवी कारण लागत नसे, पण त्या दिवशी होतं. ते जेवायला बसले होते, पहिला घास तोंडात होता, आणि त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला एका ग्रोथ हॅकरची गरज आहे." अण्णांनी आधी तो घास पुरता चावून घेतला. चावण्याच्या बाबतीत ते तडजोड करत नसत.

"हॅकर म्हणजे दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरात घुसतो तो ना? त्याला मी घरात घेऊ? वर चहा पाजू?"

"तो वेगळा, बाबा. हा धंदा वाढवतो. थोड्या खर्चात, युक्तीने, पटापट."

"म्हणजे लबाड."

"अहो, नाही!"

"थोड्या खर्चात, युक्तीने, पटापट. आमच्या कामात या तिन्हीला लबाडीच म्हणतात," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दुसरा घास घेतला.

अण्णांचं काम कवळ्या करण्याचं. दाताच्या डॉक्टरांनी दात काढायचे आणि अण्णांनी ते परत द्यायचे, अशी विभागणी चौतीस वर्षं सुरळीत चालली होती. घराच्या मागच्या खोलीत त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक खुर्ची, एक टेबल, मेणाची पातेली, प्लास्टरची पोती आणि भिंतीवर ओळीने मांडलेले पांढरे जबडे. अण्णा एकेक दात हाताने मेणात बसवत, आणि त्यांची कवळी घालून माणसाने आक्रोड फोडला किंवा तासभर भाषण ठोकलं तरी ती जागची हलत नसे. पण गेल्या दोन वर्षांत डॉक्टरांनी यंत्रं आणली होती. तोंडात कॅमेरा फिरवला की दुसऱ्या दिवशी कवळी छापून तयार. अण्णांकडे गेल्या सहा महिन्यांत चार माणसं आली, त्यातला एक पत्ता विचारायला आला होता.

इकडे मेहुण्याचा त्या खोलीवर डोळा होता. त्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा व्यापार होता आणि खोकी ठेवायला त्याला जागा हवी होती. घरात बोलणं होऊन ठरलं की तीन महिन्यांत काम वाढलं तर ठीक, नाहीतर खोलीत खोकी. अण्णांच्या बायकोनेही मान डोलावली. अण्णांना सगळ्यात जास्त राग त्या मान डोलावण्याचा आला. चौतीस वर्षं गावाच्या तोंडाची काळजी वाहिली, आणि शेवटी त्या जागी पुठ्ठा? तेव्हा हॅकर तर हॅकर, असं म्हणून ते तयार झाले.

आता हॅकर निवडायचा तर त्यात गुण कोणते पाहायचे, हे ठरवायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक बसली. वरच्या मजल्यावरचे मॅनेजरसाहेब न बोलावता आले. ते बँकेतून निवृत्त झाले होते, पण सल्ला देण्यातून निवृत्त झाले नव्हते. येताना त्यांनी स्वतःचं पेन आणि आखीव कागद आणला, आणि वर 'अर्हता' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

"टाय बांधणारा हवा," ते म्हणाले. "मागच्या तीन साहेबांची पत्रं हवीत. आणि सही. सही दर वेळी सारखी आली पाहिजे."

"आकडे कळले पाहिजेत," मुलगी म्हणाली. "कुतूहल हवं. रोज नवा प्रयोग करून बघणारा हवा. आणि चुकलाच तर लवकर चुकणारा हवा."

"लवकर चुकणारा?" अण्णांनी पेला आपटला. "पगार देऊन चुकणारा आणू? फुकट चुकणारे घरात कमी आहेत का?"

"चहा किती वेळा लागतो ते आधी विचारा," बायको आतून म्हणाली. "आणि पाय पुसून येणारा बघा."

मेहुण्याने फोनवरून कळवलं की माणूस उंच असावा. उंच कशाला, ते त्याने सांगितलं नाही. तो खोकी रचण्याचा विचार करत होता, हे अण्णांना दोन दिवसांनी आंघोळ करताना लक्षात आलं, आणि ते तसेच ओल्या अंगाने बाहेर येऊन ओरडले.

"माणूस कळतो तो तब्येतीवरून," मॅनेजरसाहेब कागदाची घडी घालत म्हणाले. "मला बघा. या वयात बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे आहेत." आणि ते ऐसपैस हसले. अण्णा छताकडे पाहू लागले.

या छताकडे पाहण्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. कवळीच्या धंद्यात पहिली गोष्ट प्लास्टर नव्हे, गुप्तता. अण्णांच्या खोलीला मागच्या गल्लीत उघडणारं एक दार होतं. त्यावर पाटी नव्हती. पेशंट तिथून येई, तिथूनच जाई, आणि दोन पेशंट एकमेकांना कधीही भेटू नयेत अशा बेताने अण्णा वेळ देत. रस्त्यात पेशंट दिसला तर अण्णा ओळख दाखवत नसत. कारण अण्णांनी नमस्कार केला, की बघणारा लगेच समोरच्याच्या तोंडाकडे बघे. त्यामुळे अण्णा चौतीस वर्षं मान खाली घालून चालत आले आणि गावात महाशिष्ट म्हणून प्रसिद्ध झाले. लग्नकार्यात ते जेवणाऱ्यांकडे पाठ करून बसत. कोणाकोणाला कवळी आहे, हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. सगळी नावं, पत्ते आणि फोन नंबर एका जाड वहीत होते आणि वही कपाटात कुलपाच्या आत होती.

मुलाखतींच्या दिवशी मॅनेजरसाहेबांची अर्हता अण्णांनी खिशात ठेवली आणि आपलीच कसोटी वापरली. त्यांच्या मते माणूस दातांवरून कळतो. दाढा झिजलेल्या असल्या तर तो झोपेत भांडतो. खालचे दात एकमेकांवर चढलेले असले तर भावंडांशी पटत नाही. हे शास्त्र त्यांनी एकट्याने उभं केलं होतं, आणि ते कुणी तपासलं नव्हतं म्हणून अजून शाबूत होतं.

पहिला उमेदवार ओठ मिटल्यासारखा बोलत होता, दात दिसेनात, म्हणून बाद झाला. दुसरी एक तरुण बाई होती. तिने सगळी खोली फिरून पाहिली आणि विचारलं, "काका, एकदा कवळी झाली की माणसं तुमच्याबद्दल दुसऱ्या कोणाला सांगतात का?"

"कशाला सांगतील? लाजतात."

"मग जाहिरात करून उपयोग नाही. वेगळं काहीतरी करावं लागेल. मला आधी महिनाभर नुसतं बसून बघू दे."

अण्णांना हे अपमानास्पद वाटलं. शिवाय तिचा एक सुळा बाजूच्या दातावर चढलेला होता, आणि असा सुळा हट्टी माणसाचा असतो. मुलगी दाराआडून हातवारे करून हिलाच घ्या, हिलाच घ्या म्हणत होती. अण्णांनी दार लावून घेतलं.

तिसरा आला आणि हसला. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. काय ते दात! वरची ओळ दोरी लावून बसवल्यासारखी. रंग एक, उंची एक, मधली फट शून्य. आपल्याच हातचं काम वाटावं, असं अण्णांच्या मनात आलं, आणि हे त्यांनी त्या दातांचं कौतुक समजलं. पत्रं विचारली नाहीत, सही पाहिली नाही. चहाचं तेवढं विचारलं, कारण बायको आत उभी होती.

हा हॅकर तिशीचा, चुणचुणीत, बोलण्यात मधाळ. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "सर, तुमच्याकडे रिपीट कस्टमर किती?"

"एकही नाही," अण्णा छाती पुढे काढून म्हणाले. "माझ्याकडची कवळी परत आली असा एक माणूस दाखव."

"हाच तर प्रॉब्लेम आहे, सर. तुमचं प्रॉडक्ट फार टिकतं."

अण्णांना आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. चूक झालेली नव्हती. "थोडी कमी टिकाऊ केली, म्हणजे समजा दोन वर्षं..." एवढं तो बोलला, आणि अण्णांनी प्लास्टर कालवायचा वाडगा भिंतीवर फेकला. वाडगा रबराचा होता, तो उडून परत त्यांच्याच पोटावर आला. त्यामुळे रागाला जो मान मिळायला हवा होता तो मिळाला नाही.

मग हॅकरने ठरवलं की आधी अण्णांना फोनमधल्या नकाशावर आणायचं. नकाशावाल्या कंपनीच्या यादीत कवळी हा प्रकारच नव्हता. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून त्याने 'हत्यारे व अवजारे' निवडलं. दुसऱ्या दिवसापासून लोक मागच्या दाराला येऊन करवती मागू लागले. कंपनीला दुकानाच्या पाटीचा फोटोही हवा होता. पाटी नव्हती. पाटीच्या परवान्यासाठी अण्णा नगरपालिकेत गेले, तर खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला.

"लावलेल्या पाटीचा फोटो जोडा."

"अहो, पाटी परवाना मिळाल्यावर लावणार."

"बरोबर. परवान्याशिवाय लावलीत तर दंड आहे."

"मग फोटो कशाचा काढू?"

"पाटीचा," कारकून म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावलं. अण्णा त्या खिडकीशी इतके मोठ्याने बोलले की दुसऱ्या मजल्यावरचे साहेब जिन्यात आले. साहेबांना पाहताच अण्णा एकदम गप्प झाले आणि छताकडे पाहू लागले.

दोन महिने सरले. करवती मागणारे आले, कवळी मागणारा एकही आला नाही. मेहुण्याने बघा बरं मावतात का म्हणून सहा खोकी आणून ठेवली. अण्णा रोज सकाळी ती बाहेर काढत आणि बायको रोज दुपारी ती आत घेई. एक दिवस हॅकर खुर्ची ओढून अण्णांसमोर बसला.

"सर, तुमच्या जुन्या पेशंटची काही यादी आहे?"

अण्णांनी कपाटाकडे पाहिलं, खोक्यांकडे पाहिलं, मग हॅकरच्या दातांकडे पाहिलं. असे दात असलेला माणूस दगा देणार नाही, असं त्यांच्या शास्त्राने त्यांना सांगितलं. "कुणाला दाखवायची नाही," असं तीनदा बजावून त्यांनी वही काढून दिली. "सर, डेटा एकदम सेफ," हॅकर म्हणाला आणि हसला.

डेटा सोमवारी सकाळी साडेनऊला गावभर झाला.

वहीतल्या प्रत्येकाच्या फोनवर एक निरोप गेला. "नमस्कार! तुमच्या शेजारच्या या नऊ जणांनी आमच्या कवळीने आपलं हसू परत मिळवलं आहे. तुमची नवी कवळी कधी? दोन मित्र आणा आणि एक दात मोफत मिळवा!" खाली नऊ जणांची नावं होती, पत्त्यासकट, आणि त्यात ज्याला निरोप गेला त्याचंही नाव होतं. लोक अनोळखी माणसावर विश्वास ठेवत नाहीत, ओळखीच्यावर ठेवतात, असं हॅकरचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं. सगळ्यांनी अक्षर न् अक्षर खरं मानलं.

गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या शिष्यांना बाईंचे दात कळले. शाळेच्या हेडमास्तरांचे शिपायाला कळले. एका नवराबायकोला एकमेकांचे कळले. ती दोघं बारा वर्षं रोज दुसऱ्याच्या आधी उठून गुपचूप कवळी धुण्याची शर्यत लावत होती. एका वारलेल्या गृहस्थांच्या फोनवर "तुमची आठवण येते, परत या" असा दुसरा निरोप गेला. त्यांच्या मुलाने उलट विचारलं की वडील येणार असतील तर वेळ कळवा, घरी कुणीतरी थांबेल. मॅनेजरसाहेबांनी अठरा वर्षांपूर्वी दिलेला नंबर आता त्यांची बायको वापरत होती. तिने निरोप दोनदा वाचला, मग चष्मा लावून तिसऱ्यांदा वाचला. यादीत दुसरं नाव तिच्या नवऱ्याचं होतं.

अकरा वाजता मागच्या गल्लीत, जिथे चौतीस वर्षांत दोन माणसं एका वेळी उभी राहिली नव्हती, तिथे चाळीस माणसं उभी होती आणि दारावर थापा मारत होती.

आत हॅकर आनंदात होता. "सर, एका सकाळीत एकशे बारा जणांनी उत्तर दिलंय!"

"काय उत्तर दिलंय?"

"ते वाचलं नाही. आकडा बघा ना."

अण्णांनी वाचलं. त्यातल्या काही शिव्या त्यांनी लहानपणानंतर पहिल्यांदाच पाहिल्या. "अरे, शिव्या आहेत या!"

"शिवी देतो म्हणजे माणूस जोडला गेला, सर."

अण्णांना आयुष्यात पुष्कळदा राग आला होता, पण हा राग तसा नव्हता. याच्या खाली लाज होती. एकेक माणूस त्यांच्यासमोर त्या खुर्चीत तोंड उघडून, डोळे मिटून बसला होता, आणि त्या प्रत्येकाला अण्णांनी शब्द दिला होता. खोली गेली असती तर एक खोली गेली असती. आता शब्दच गेला होता, आणि तोही अण्णांनी स्वतःच्या हाताने कपाटातून काढून दिला होता.

"चालता हो!" ते गरजले. नेमकी त्याच वेळी दारावर लाथ बसली. घराकडचं दार खोक्यांनी अडलं होतं आणि बाहेर पडायला तेच दार उरलं होतं, हे हॅकरच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. घाबरून त्याने हातातल्या पेनाचं टोपण दातांनी चावलं आणि ओढलं. टोपण बाहेर आलं. त्याच्याबरोबर वरचे पुढचे चार दात आले, एकत्र, एका तुकड्यात, आणि फरशीवर पडले.

अण्णा वाकून पाहत राहिले. चौतीस वर्षं! गावातला कुठला दात कुणाच्या बापाचा आणि कुठला बाजारचा, हे ते दहा पावलांवरून सांगू शकत होते, आणि हा माणूस दोन महिने तीन फुटांवर बसून चहा पीत होता. तेही बसवलेले कुणी, तर देवच जाणे, कडेने दात चिकटवायचं सिमेंट ओघळलेलं. याच दातांवर भरवसा ठेवून त्यांनी वही दिली होती.

"थर," हॅकर तोंडावर हात ठेवून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "थर, पाया पडतो, कुणाला थांगू नका. माझं लग्न ठरलंय. तिला माहीत नाही."

बाहेर मॅनेजरसाहेबांचा आवाज चढला होता. "त्या हॅकरला बाहेर काढा!" दाराची कडी काढायची, याला हाताला धरून उंबऱ्यात उभं करायचं, आणि म्हणायचं, बघा. दोन शब्दांचं काम होतं. गावाचं समाधान झालं असतं, अण्णांचा जीव थंड झाला असता. अण्णा कडीपर्यंत गेले. कडीवर हात ठेवला. तो हात चौतीस वर्षं आतल्या माणसाचं काम होईस्तोवर ती कडी लावून धरत आला होता. आजही तो ती काढायला तयार नव्हता. अण्णांना स्वतःचीच इतकी चीड आली की त्यांनी कपाळ दारावर आपटलं.

"बस खुर्चीत," ते वळून म्हणाले. "तोंड उघड. मोठं! हे कुठल्या गाढवाने बसवलं? तोंड आहे की भिंत? नालायका, मेल्या, तुझ्या अकलेलाही असंच सिमेंट लावलंय का कुणी? हलू नकोस. दुखतंय का?"

हॅकरने मानेने हो म्हटलं.

"दुखू दे," अण्णा म्हणाले, आणि हात हलका केला.

दात साफ करून ठेवले, सिमेंट कालवायला घेतलं, हॅकरच्या चेहऱ्यावर टॉवेल टाकला आणि अण्णा दार किलकिलं करून बाहेर उभे राहिले. गल्लीत एकच गलका उठला.

"वही माझी होती," अण्णा ओरडले. "दिली मी. जी शिवी द्यायची ती मला द्या!"

"तो कुठाय?" मॅनेजरसाहेब.

"काढून टाकला."

"मग आत खुर्चीत पाय कुणाचे दिसतायत?"

"पेशंट आहे आत," अण्णा तडकून म्हणाले. "आवाज करू नका."

आणि गल्ली गप्प झाली. त्या चाळीस जणांतला जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी त्याच खुर्चीत, त्याच टॉवेलाखाली बसला होता, आणि बाहेर कुणाची चाहूल लागली की अण्णा दारातून हेच म्हणताना त्याने ऐकलं होतं. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी खाली पाहिलं. हेडमास्तर दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी बाजूच्यांनाही मागे सारलं. कुणी काही ठरवलं नाही, पण लोक एकेक करून, एकमेकांकडे न बघता, निघून जाऊ लागले.

मॅनेजरसाहेब रेंगाळले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "अण्णा, आत कोण आहे हो?"

"माहीत नाही."

"अहो, मला तरी सांगा. माझं तर आता सगळ्यांना कळलंच आहे."

"तुमचं काय कळलं? मला काही माहीत नाही," अण्णा खेकसले. मॅनेजरसाहेबांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं, ओठ मिटले आणि ते गेले.

अण्णा दार लावणार तोच कुणीतरी ते धरलं. मॅनेजरसाहेबांची बायको होती. अठरा वर्षांच्या फसवणुकीबद्दल सकाळपासून तिने सगळी इमारत डोक्यावर घेतली होती. तिने गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली, नवरा वळणाआड गेला याची खात्री करून घेतली आणि पदर तोंडाशी धरला.

"माझ्या खालच्या सगळ्या दाढा हलतायत," ती कुजबुजली. "यांना कळता कामा नये."

"उद्या, अकराला," अण्णा चिडून म्हणाले. "आणि जिन्यात भेटलात तर मला ओळख दाखवायची नाही."